कोलंबोत अडकलेला कांदा: वाशीच्या एका गाळ्यावरून दिसलेली श्रीलंकेची दिवाळखोरी

हे प्रकरण वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका गाळ्याचं आहे. काळ साधारण सप्टेंबर २०२१ ते मे २०२४. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, गाळ्याच्या रकमा गोल केल्या आहेत आणि एक-दोन तपशील इकडचे तिकडे केले आहेत. श्रीलंकेच्या तारखा आणि आकडे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. यातले बहुतेक कागद माझ्या टेबलावरून गेले, त्यामुळे घटनांचा क्रम मला नीट माहीत आहे.

देशाचं परकी कर्ज म्हटलं की आपल्याला नाणेनिधी, चीन, जागतिक बँक आठवतात. वाशीतून कोलंबोला उधारीवर माल पाठवणारा गाळेधारकही त्याच रांगेत उभा असतो. रांगेत तो शेवटचा असतो, आणि बहुधा आपण रांगेत आहोत हेच त्याला माहीत नसतं.

पार्श्वभूमी

गाळा अण्णांचा. ते मूळचे निफाड तालुक्यातले. तरुणपणी वाशीच्या बाजारात दिवाणजी म्हणून लागले, पुढे स्वतःचा गाळा घेतला. निर्यातीचं काम पुतण्याकडे. तो नेरूळला राहतो, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हिशोबाला पक्का. माल निफाड-पिंपळगावकडच्या व्यापाऱ्यांकडून येतो, जाळीच्या गोण्यांत भरून रीफर (थंड राखणाऱ्या) कंटेनरमध्ये चढतो आणि न्हावा शेव्याहून कोलंबोला आठवड्याच्या आत पोचतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस टन कांदा बसतो. त्या हंगामात एका कंटेनरचं बिल साधारण दहा हजार डॉलर होत होतं.

खरेदीदार कोलंबोच्या पेट्टा या घाऊक बाजारातला जुना व्यापारी. तिकडे अशा माणसाला मुदलाळी म्हणतात, आपणही तेच म्हणू. दहा-बारा वर्षांचा व्यवहार. एकदा एका कंटेनरमध्ये गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त निघाली, तेव्हा त्यांनी फोटो पाठवून सूट मागितली आणि सूट मिळाल्यावर पैसे ठरल्या दिवशी पाठवले. इतक्या वर्षांत कुरबूर म्हणावी अशी तेवढीच.

सुरुवातीला व्यवहार डीपीवर चालायचा, म्हणजे मुदलाळींनी बँकेत पैसे भरले की मगच मूळ बीएल (बिल ऑफ लेडिंग, ज्यावर मालाचा ताबा मिळतो तो जहाज कंपनीचा कागद) त्यांच्या हाती. पण जहाज पाच दिवसांत पोचतं आणि कागद दोन बँकांतून फिरत त्याच्या मागून येतात. कांदा थांबत नाही. म्हणून जवळच्या बंदरांच्या व्यवहारात सगळीकडे होतं तेच इथेही झालं: बीएल इकडेच शिपिंग लाइनला परत देऊन सरेंडर करायची, माल लगेच सुटायचा आणि पैसे तीस दिवसांत यायचे. थोडक्यात उधारी. बाजाराला उधारी नवी नाही. पण ही उधारी डॉलरमधली होती, आणि मुदलाळी कांदा विकायचे श्रीलंकेच्या रुपयांत. मधले डॉलर त्यांना कोलंबोतली बँक देणार, आणि बँकेकडे डॉलर येणार ते देशात येतील तेवढेच.

निर्यात पत हमीची विमा पॉलिसी पूर्वी होती. २०२० च्या टाळेबंदीत हप्ता वाचवायचा म्हणून ती पुढे चालू ठेवली नाही. पुढे याचा संबंध येतो.

आता देशाकडे वळू. श्रीलंकेने डॉलरमधले सरकारी रोखे जागतिक बाजारात पहिल्यांदा विकले २००७ मध्ये. यादवी २००९ ला संपली, त्यानंतर ही सवय वाढत गेली. बाजारात कोणीही चर्चा काढली की "चीनने गिळली" हे वाक्य हमखास येतं, आणि पुरावा म्हणून हंबनटोटा. बंदर डिसेंबर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं हे खरंच आहे. पण त्यातून आलेल्या सुमारे १.१२ अब्ज डॉलरनी त्या बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते पैसे परकी चलनाच्या गंगाजळीला टेकू म्हणून वापरले गेले, कारण रोख्यांचे हप्ते समोर दिसत होते. सरकारच्या परकी कर्जात सर्वांत मोठा वाटा याच रोख्यांचा होता. चीनचा वाटा मोठा असला तरी त्याच्याहून कमी.

रोखेधारकाला चेहरा नसतो. तो कर्ज पुढे ढकलायला बसून बोलत नाही. मुदतीच्या दिवशी पैसे हवेत, एवढंच त्याचं म्हणणं.

डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. पुढच्याच वर्षी करोना आला आणि पर्यटन बसलं. ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांच्या हाती नेमणुकांचे आणि इतर अधिकार एकवटले. २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, पीक पडल्यावर नोव्हेंबरात माघार घेतली. जुलै २०२१ पासून राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि अर्थमंत्री हे तिघे सख्खे भाऊ होते. सप्टेंबरात मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरपदी त्या सरकारातलेच एक राज्यमंत्री आले. २०१९ च्या अखेरीस ७.६ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी नोव्हेंबर २०२१ मध्ये १.६ अब्जांवर आली होती.

हा तपशील मी पाल्हाळ म्हणून देत नाही. धनकोने पाहायची गोष्ट यातच आहे: या देशात "नाही" म्हणू शकणारं कोण उरलंय? करकपातीला अर्थखातं नाही म्हणालं नाही, खतबंदीला मंत्रिमंडळ नाही म्हणालं नाही आणि डॉलरचा भाव गोठवायला मध्यवर्ती बँक नाही म्हणाली नाही. कर्जाचा आकडा त्यानंतर बघायचा.

अडचण

सप्टेंबर २०२१ पासून कोलंबोत डॉलरचा अधिकृत भाव २००-२०३ रुपयांवर धरून ठेवला होता. बाहेर भाव त्याहून जास्त. परदेशात काम करणारे श्रीलंकन लोक साहजिकच बँक सोडून हवालावाल्यांकडून घरी पैसे पाठवू लागले, आणि बँकांकडे अधिकृत भावाने विकायला डॉलरच उरले नाहीत. मुदलाळी पैसे बुडवत नव्हते. कांदा विकून आलेले रुपये ते बँकेत भरत, आणि बँक त्यांना यादीत थांबायला सांगे.

तीस दिवसांचे पन्नास झाले, मग साठ. जानेवारी २०२२ च्या मध्याला पाच कंटेनरचे पैसे बाकी होते. त्यातच मुदलाळींचा फोन आला की फेब्रुवारीसाठी आणखी चार पाठवा, माल हातोहात खपतोय, भाव चांगला आहे. तेही खरंच होतं. टंचाईच्या बाजारात भाव चांगलाच असतो.

जानेवारीतले पर्याय

गाळ्यावर तेव्हा जे बोलणं झालं ते मी ऐकलं आहे, कारण नव्या कंटेनरची कागदपत्रं कोणत्या अटीवर करायची हे विचारायला मला बोलावलं होतं.

पुतण्याचं मत: थांबायचं. फिच या पतमापन संस्थेने डिसेंबरातच श्रीलंकेला 'सीसी'पर्यंत खाली आणलं होतं, म्हणजे कर्ज बुडण्याची शक्यता दाट. जुने पैसे आल्याशिवाय नवा माल नाही, आणि पाठवायचाच असेल तर आगाऊ पैसे किंवा एखाद्या मोठ्या परदेशी बँकेने हमी दिलेली एलसी (पैसे देण्याचं बँकेचं पतपत्र). मुदलाळींच्या स्वतःच्या बँकेची एलसी काय कामाची? त्याच बँकेकडे डॉलर नव्हते.

अण्णांचं मत: पाठवायचं. त्यांची कारणं तीन. एक, लासलगावला लाल कांद्याची आवक जोरात होती, माल उचलला नाही तर निफाडचे व्यापारी दुसरीकडे जाणार. दोन, माणूस खरा आहे. तीन, आणि यावर त्यांचा खरा भर होता, १९९१ मध्ये आपणही बुडायला आलो होतो. "आपणही सोनं गहाण टाकलं होतं. फेडलंच ना? तेही फेडतील."

१९९१ ची आठवण चुकीची नाही. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले, आणि पुढे ते सोडवलं. पण तुलना पोचत नाही. भारत सरकारने डॉलरमधले रोखे परदेशी बाजारात कधीच विकलेले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आपल्याला ज्यांच्याशी बोलायचं होतं ते मोजके होते. श्रीलंकेसमोर जगभर विखुरलेले रोखेधारक होते, आणि मुदतीच्या तारखा छापील होत्या.

दोघांचं घोडं अडलं असताना १८ जानेवारीला बातमी आली: श्रीलंकेने ५० कोटी डॉलरचे रोखे मुदतीला पूर्ण फेडले. अण्णांनी वर्तमानपत्र पुतण्यासमोर ठेवलं. एवढे पैसे एका दिवसात देणारा देश आपले नव्वद हजार देणार नाही?

हे प्रकरण शिकवायला घेतलं तर सगळा वेळ मी या एका प्रश्नावर घालवीन. कारण बातमी खरी होती, अण्णांचा तर्क वरकरणी बरोबर होता, आणि निष्कर्ष उलटा निघायला हवा होता. जानेवारीअखेर गंगाजळीत २.३६ अब्ज डॉलर दाखवले होते. त्यात सुमारे दीड अब्ज चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या युआन अदलाबदलीचे होते, आणि ते वापरायला अट अशी की आधी तीन महिन्यांच्या आयातीपुरती गंगाजळी हवी. ती नव्हती. म्हणजे हात घालता येईल असे डॉलर फारच थोडे, आणि त्यातले ५० कोटी रोखेधारकांना गेले. तेच डॉलर कोलंबोच्या बँकांना मिळाले असते तर औषधं, दूध पावडर, गॅस आणि कांद्याचे पैसे चुकले असते. त्या सुमारास बंदरात अन्नधान्याचे हजाराहून जास्त कंटेनर डॉलरअभावी पडून होते. मोठ्या सावकाराचं देणं वेळेवर फिटलं ही छोट्या सावकारासाठी वाईट बातमी होती. एकाच हंड्यातलं पाणी होतं ते.

शेवटी तडजोड झाली. चारही कंटेनर पाठवायचे, पण या वेळी बीएल सरेंडर करायची नाही. कागद डीपीवर, बँकेमार्फत. पुतण्याला वाटलं ताबा आपल्याकडे राहिला, अण्णांना वाटलं माल गेला.

कोलंबो बंदरात

फेब्रुवारीत तीन कंटेनर कोलंबोला उतरले. चौथा न्हावा शेव्याला गेटच्या आत गेला होता, जहाजावर चढायचा होता. कागद कोलंबोच्या बँकेत पोचले. मुदलाळींकडे रुपये तयार होते, बँकेकडे डॉलर नव्हते. बीएल बँकेच्या कपाटात, कांदा बंदरात प्लगला लावलेला.

डीपीचं संरक्षण टिकाऊ मालाला असतं, हे इथे सगळ्यांना नव्याने कळलं. लाल कांदा म्हणजे उन्हाळ कांदा नव्हे. चाळीत चार-पाच महिने टिकणारी ती जात नाही. फुकटचे दिवस संपले की शिपिंग लाइनचं भाडं आणि बंदराचं वीजबिल रोज वाढतं.

पर्याय असे होते. माल धरून ठेवायचा, तर दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटलेला कांदा आणि मालाच्या किमतीला जाऊन भिडणारं भाडं. दुसऱ्या खरेदीदाराला द्यायचा, तर त्याच्याकडे तरी डॉलर कुठून? अख्ख्या पेट्ट्याची तीच गत. मालदीवच्या माले बंदराला वळवायचा, तर तिथला बाजार लहान, आणि उतरलेल्या मालाचं मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) बदलण्यात दिवस जाणार. परत आणायचा, तर येण्याचं भाडं अंगावर आणि इथे तोवर भाव पडलेला. राहता राहिला शेवटचा: बीएल सोडून द्यायची आणि बदल्यात जे मिळेल ते घ्यायचं.

चौथ्याचा निर्णय सोपा होता. तो बॅक टू टाउन करून, म्हणजे निर्यात रद्द करून बंदरातून परत घेतला, वाशीत आणला आणि मिळेल त्या भावाला विकला. तोटा झाला, पण त्याच आठवड्यात हिशोब मिटला. तीन कंटेनरची बीएल सोडली. पुतण्याने मुदलाळींकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या: आठही कंटेनरचे पैसे त्या दिवशीच्या अधिकृत भावाने श्रीलंकन रुपयांत बँकेत वेगळे भरायचे आणि पावती पाठवायची, आणि देणं डॉलरमध्येच राहील अशी सही करायची. मुदलाळींनी दोन्ही केलं.

मग ७ मार्चला मध्यवर्ती बँकेने भाव मोकळा सोडला. २०३ चा डॉलर मेपर्यंत ३६० च्या घरात गेला. बँकेत भरलेल्या रुपयांत आता निम्म्याहून थोडेच जास्त डॉलर येत होते. मुदलाळींनी कांदा २०३ च्या हिशोबाने विकून टाकला होता, आणि गिऱ्हाइकाकडून फरक मागायची सोय नव्हती. प्रामाणिक माणूसही कसा बुडतो ते या पावतीवर छापलेलं आहे.

पैसे कोणत्या वाटेने आणायचे

१२ एप्रिलला श्रीलंकेने परकी कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. १८ मे रोजी व्याजाच्या हप्त्याची वाढीव मुदत संपली आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच तो देश थकबाकीदार ठरला. अण्णांना ही बातमी सगळं संपल्याची वाटली. इथेही अर्थ जवळजवळ उलटा होता. सरकारने रोखेधारकांचे हप्ते थांबवले, त्यामुळे येणारे डॉलर आता आयातीकडे वळू शकत होते. एप्रिलच्या सुरुवातीला नवे गव्हर्नर आले होते आणि त्यांनी एका बैठकीत व्याजदर सात टक्के-बिंदूंनी वाढवला होता. म्हणजे नाही म्हणणारं कुणीतरी परत आलं होतं. एप्रिलअखेर जुन्या कंटेनरपोटी सुट्या-सुट्या रकमांत एकूण बावीस हजार डॉलर आले होते. अठ्ठावन्न हजार बाकी होते.

इकडे निफाडचे व्यापारी पट्टीच्या, म्हणजे मालाच्या बिलाच्या, पैशांसाठी फोन करत होते. त्यांना मागे शेतकऱ्यांचं देणं. अण्णांनी गाळा तारण ठेवून कर्ज काढलं आणि सगळ्यांचे पैसे जूनपर्यंत चुकते केले. या निर्णयावर फार चर्चा झाली नाही. बाजारात नाव राखायचं तर दुसरा मार्गही नव्हता.

मुदलाळींनी मे महिन्यात एक तोड सुचवली: दुबईतला एक माणूस मशीद बंदरला रोख पोचवेल, उद्याच. भावही बरा. कर्जाचं व्याज चालू असताना हे ऐकायला किती गोड वाटतं ते वेगळं सांगायला नको. पुतण्या आडवा पडला. हवाला बेकायदा, हे तर आहेच. पण दुसरीही अडचण होती: निर्यातीचं प्रत्येक शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरलेला निर्यातीचा कागद) बँकेच्या यंत्रणेत उघडं असतं, आणि त्या वेळच्या नियमाने नऊ महिन्यांत त्यासमोर बँकेतून आलेली रक्कम दिसायला हवी. रोख घेतली असती तरी कागदावर पैसे थकलेलेच राहिले असते, आणि पुढची निर्यात अडली असती.

भारताने मार्चमध्ये श्रीलंकेला एक अब्ज डॉलरची पतरेषा (त्या मर्यादेपर्यंत उचलायचं कर्ज) दिली होती, अन्न, औषधं आणि जीवनावश्यक वस्तूंसाठी. तिच्याखाली पाठवलेल्या मालाचे पैसे इकडच्या निर्यातदाराला भारतातच रुपयांत मिळण्याची सोय मे महिन्यात झाली. पण ती नव्या मालासाठी, आणि तिकडच्या सरकारने मान्य केलेल्या आयातदारांसाठी. मुदलाळी त्या यादीत नव्हते. विम्याचा दरवाजा पॉलिसी सोडली तेव्हाच बंद झाला होता. पॉलिसी चालू असती तर खरेदीदाराच्या देशातून पैसे बाहेर निघेनात, हीच जोखीम तिने उचलली असती.

उरली वाट तिसऱ्याने पैसे देण्याची. मुदलाळींच्या बहिणीच्या यजमानांची दुबईत रीतसर कंपनी आहे. त्यांनी स्वतःच्या बँकेतून थेट अण्णांच्या बँकेत डॉलर पाठवायचे, आणि मुदलाळींनी त्यांच्याशी आपला हिशोब नंतर पाहायचा. तिघांच्या सह्यांचा करार केला. बँक तरी अडली. भारत-श्रीलंका व्यापाराचे पैसे आशियाई समाशोधन संघाच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँकांनी आपसांतली देणी मिटवायच्या, व्यवस्थेतूनच यायला हवेत, दुबईचे साधे डॉलर कसे चालतील? प्रश्न बरोबर होता. आम्ही अर्ज देऊन थांबलो. ८ जुलैला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की श्रीलंकेशी व्यापाराची देणी-घेणी पुढील सूचनेपर्यंत त्या व्यवस्थेबाहेर, कोणत्याही मान्य चलनात करता येतील. ते बँकेच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, कोलंबोत जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. १३ तारखेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. त्या आठवड्यात पेट्टा बंद होतं, मुदलाळी घरातून फोन घेत होते, आणि दुबईहून पहिले दहा हजार डॉलर वाशीत जमा झाले.

निष्पत्ती

वर्षअखेरपर्यंत दुबईमार्गे अडतीस हजार आले. दरम्यान आपला रुपयाही ७५ वरून ८२ च्या पुढे घसरला होता, त्यामुळे उशिरा आलेल्या पैशांत थोडं जास्तच मिळालं. बँकेकडून मुदतवाढ घेतली होती, म्हणून शिपिंग बिलं थकबाकीत गेली नाहीत.

वीस हजारांवर वाद राहिला. हा मुख्यतः विनिमयाचा फरक. मुदलाळींचं म्हणणं, मी रुपये वेळेवर भरले, पावती तुमच्याकडे आहे, भाव पडला तो सरकारमुळे. पुतण्याचं म्हणणं, सही डॉलरची आहे. कागद पुतण्याच्या बाजूने होता. अण्णांनी निम्मं-निम्मं केलं: दहा हजार मुदलाळींनी हप्त्यांनी द्यायचे, दहा हजार सोडायचे आणि बँकेच्या नियमात बसवून राइट-ऑफ करायचे. "संपूर्ण व अंतिम" असं लिहून दोघांच्या सह्या झाल्या. २०२३ च्या मध्यापर्यंत मुदलाळींनी सगळे हप्ते दिले.

श्रीलंकेला नाणेनिधीचं सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं. त्याच मार्चच्या ९ तारखेला ठरलेल्या स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. तिजोरीने निवडणूक आयोगाला पैसेच सोडले नाहीत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच वाटते: प्रजासत्ताकाच्या खर्चाच्या यादीत मतपेटी खाली गेली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यात मूलभूत हक्कांचा भंग झाल्याचं ठरवलं, आणि त्या निवडणुका मे २०२५ मध्ये झाल्या. रोखेधारकांशी तडजोड २०२४ च्या डिसेंबरात पुरी झाली. त्यांच्याकडे वकील होते, समित्या होत्या. अण्णांची तडजोड त्याच्या दोन वर्षं आधी फोनवर झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पॉलिसी सोडायला नको होती, यावर वाद नाही. हप्ता वाचवायची वेळ नेमकी तीच असते जेव्हा विमा लागणार असतो.

उधारीची मर्यादा माणसावर ठरवली होती, देशावर नव्हती. मुदलाळींना किती द्यायचं हे अण्णांना तोंडपाठ होतं. श्रीलंकेला किती द्यायचं हा प्रश्न त्यांच्या वहीत नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये पैसे तीसऐवजी पन्नास दिवसांनी येऊ लागले, तिथेच दोन कंटेनरवर मर्यादा घालता आली असती. खरेदीदार म्हणतो "माझ्याकडे पैसे आहेत, बँकेकडे डॉलर नाहीत", तेव्हा आपला ऋणको बदललेला असतो.

जानेवारीची तडजोड मला सगळ्यांत कच्ची वाटते. पाठवा किंवा पाठवू नका, दोन्हींची बाजू मांडता येते. पण नाशवंत माल डीपीवर पाठवून ताबा राखल्याचं समाधान करून घेणं म्हणजे दोन्हीकडचा तोटा. पाठवायचंच होतं तर दोन कंटेनर, निम्मे पैसे आगाऊ, आणि तेही त्याच दुबईच्या कंपनीकडून. ती वाट जुलैत सापडली. जानेवारीत बँकेने नियमावर बोट ठेवून ती अडवलीही असती, पण तेव्हा कुणी विचारलीच नव्हती.

दहा हजार सोडण्याबद्दल काका-पुतण्याचं आजही एकमत नाही. माझा कौल अण्णांना आहे, पण भावनेने नव्हे. कोलंबोच्या कोर्टात दहा हजार डॉलरसाठी किती वर्षं गेली असती, आणि वकिलाची फी कोणत्या चलनात द्यावी लागली असती?

त्यानंतर

२०२३ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाला, फक्त आगाऊ पैशांवर. मुदलाळींनी कुरकुर केली नाही. डिसेंबरात दोन कंटेनरचे पैसे अण्णांच्या खात्यात येऊन पडले होते आणि माल भरायचा होता, तोच ८ डिसेंबरला केंद्र सरकारने देशातले भाव आवरण्यासाठी कांद्याची निर्यात बंद केली. आधी ३१ मार्चपर्यंत, मग पुढे. आता देणं अण्णांच्या अंगावर आणि वाट पाहणं मुदलाळींच्या वाट्याला.

पुतण्याने सुचवलं की २०२२ ला सोडलेले दहा हजार यातून वळते करून घेऊ. अण्णांनी मला विचारलं. मी फाइलमधला "संपूर्ण व अंतिम"चा कागद काढून दाखवला. त्या सहीनंतर मागे काही बाकी नव्हतं. बंदी उठेपर्यंत पैसे ठेवून घेणं नियमात बसत होतं, कारण आगाऊ रकमेसमोर माल पाठवायला तेव्हा वर्षभराची मुदत होती. मुदलाळींना मात्र तोवर पाकिस्तानातून माल घ्यायचा होता आणि त्यासाठी डॉलर लागणार होते. जानेवारीत बँकेमार्फत पूर्ण रक्कम परत गेली. निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून. त्या भावात मुदलाळींनी पहिल्या महिन्यात एकच कंटेनर मागवला.